सांध्यातील कूर्चा पुन्हा उगवेल काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी आजच्या व्याख्यानाचे निमंत्रण दिले आणि विषयाची निवड मात्र माझ्यावरच सोपविली. मी अस्थिरोगांचा वैद्य, वक्ता नव्हे. त्यामुळे निवडलेला विषय संमेलनाला साजेल की नाही, याविषयी मनात शंका होती. ती आज मंडपात शिरताक्षणीच नाहीशी झाली. समोर अंथरलेल्या सतरंज्या निम्म्या मोकळ्या आहेत आणि मागच्या खुर्च्यांसाठी रेटारेटी चालली आहे. माझ्या लहानपणी याच संमेलनात खुर्च्या केवळ पाहुण्यांकरिता मांडीत. बाकी सारा समाज, आजे-पणजे धरून, मांडी घालून बसे. हा बदल प्रतिष्ठेचा नसून गुडघ्यांचा आहे.

हे दुखणे शहरी सुखवस्तूपणाचे आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ सालापासून घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी शेकडा सुमारे अठरा जणांना सांध्यांचे वा स्नायूंचे काही ना काही दुखणे असल्याचे आढळले. कष्टाच्या शरीराला सांध्यांचे दुखणे होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आता मूळ विषयाकडे वळतो. आणि त्यासाठी आधी घरातलीच एक गोष्ट सांगतो. माझी एक आत्या आहे; आम्ही तिला फुई म्हणतो. यावल तालुक्यात तिचे सासर. चाळीस वर्षे तिने उकिडवे बसून निंदणी केली, कापूस वेचला, केळीच्या बागेत राबली. वयाच्या पासष्टीस दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकले. काही वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या मोबाइलवर एका मोठ्या शहरातील दवाखान्याची जाहिरात आली. ‘मूळ पेशी’ टोचल्या की गुडघ्याची गादी नव्याने उगवते, शस्त्रक्रियेचे कारण नाही, असा तिचा आशय होता. मी शस्त्रक्रियाच सांगेन या भीतीने माय-लेकरांनी मला कळू दिले नाही. गळ्यातली पोत मोडली, थोडे उसनवार झाले, आणि दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शने घेऊन फुई परत आली. चार महिने तिला बरे वाटले. पाचव्या महिन्यात ती माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या एकेक करून चढत आली आणि म्हणाली, “भाऊ, केळीचं खोड कापलं तरी बुंध्याशी पील फुटते. मग माझ्या गुडघ्यालाच का फुटत नाही?”

मी तिच्यावर रागावलो नाही. अडीचशे-पावणेतीनशे वर्षे जगातील शल्यवैद्य जो प्रश्न विचारीत आले, तोच तिने विचारला होता. त्या प्रश्नाचे उत्तर आज पूर्वीपेक्षा बरेच आशादायक आहे. परंतु ते सर्वांना सारखे लागू नाही. कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही, हे न कळल्यामुळे घरेच्या घरे नाडली जातात.

हाडांच्या टोकांवर, जेथे सांधा हलतो तेथे, एक पांढरे, ओलसर आणि चकचकीत आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. गुडघ्यात तिची जाडी सामान्यतः दोन ते चार मिलिमीटर. आपण बोलताना तिला ‘गादी’ म्हणतो, ते एक वेळ ठीक आहे. परंतु ‘वंगण संपले’ हा जो दुसरा शब्दप्रयोग आहे, त्याने फार घोटाळा केला आहे. वंगण म्हणजे सांध्यातील द्रव; कूर्चा ही वेगळी वस्तू. गाडीच्या आखाला वंगण घालता येते. पण आखच झिजला असेल तर कितीही वंगण ओतून तो भरून येत नाही. वंगणाची म्हणून जी इंजेक्शने देतात, त्यांनी काही रुग्णांना काही काळ आराम पडतो. त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

या कूर्चेची रचना मोठी नवलाची आहे. तिच्यात शेकडा पासष्ट ते ऐंशी भाग पाणी असते. ते पाणी धरून ठेवणारी काही द्रव्ये असतात, आणि ती फुगून पसरू नयेत म्हणून कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची जाळी असते. बाजेच्या वीणीने अंगाचा भार तोलावा तशी ही जाळी भार तोलते. आणि तो भार थोडाथोडका नसतो. नुसत्या चालण्याने गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट दाब येतो. एवढ्या पसाऱ्याची देखभाल करणाऱ्या जिवंत पेशी मात्र आकारमानाने शेकडा एक ते पाच. माळरानावर कोसाकोसाने एखादी झोपडी असावी तशा. कूर्चेत रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. पाऊल टाकले की ती दाबली जाते आणि उचलले की सांध्यातील द्रव शोषून घेते; तेच तिचे अन्न. म्हणून गुडघा दुखतो म्हणून खाटेवर पडून राहणारा माणूस आपल्याच कूर्चेची उपासमार करीत असतो.

फुईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आले. हाताला कोयता लागला तर रक्त येते, ते गोठते, त्या गुठळीत पेशी धावून येतात आणि जखम भरते. कूर्चेला जखम झाली तर रक्तच येत नाही. मग धावून यायचे कोणी? शिवाय मज्जातंतू नसल्यामुळे पहिली इजा दुखतही नाही. दुखू लागते तोवर झीज खालच्या हाडापर्यंत पोहोचलेली असते. १७४३ साली लंडनमध्ये विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, त्यात त्याने एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही असे स्पष्ट नोंदविले होते. पुढे दोनशे वर्षे त्याचे म्हणणे कोणाला खोडता आले नाही.

विसाव्या शतकात शल्यवैद्यांनी एक युक्ती काढली. कूर्चेत रक्त नाही, पण तिच्याखालच्या हाडात आहे. तेव्हा हाडालाच बारीक छिद्रे पाडावीत, म्हणजे मगजातील रक्त वर येऊन खड्ड्यात गोठेल. इंग्लंडात ब्रिस्टल येथील प्रिडी यांनी १९५९ मध्ये हा मार्ग सांगितला, आणि अमेरिकेत स्टेडमन यांनी १९८० नंतर त्याला सुटसुटीत रूप दिले. खड्डा भरतो, यात संशय नाही. परंतु जे भरते ती मूळची कूर्चा नसून व्रणासारखी तंतुमय कूर्चा असते. पैठणीला गोणपाटाचे ठिगळ लावावे तसे ते होते. मी स्वतः हा उपाय पुष्कळ वेळा केला आहे, आणि लहान जखमेत तो उपयोगी पडतो हे अनुभवाने सांगतो. पण एक चूकही सांगितली पाहिजे. शिरपूरकडील एक चोवीस वर्षांचा तरुण मोटारसायकलवरून पडला आणि त्याच्या मांडीच्या हाडाच्या टोकावरील कूर्चेचा चांगला रुपयाएवढा तुकडा निघून गेला. मी छिद्रे पाडली. दोन वर्षे तो कबड्डी खेळला. पेढे घेऊनही आला. तिसऱ्या वर्षी गुडघा सुजला, आणि दुर्बिणीने पाहतो तो ठिगळाच्या चिंध्या झालेल्या. खड्डा मोठा होता आणि मी योजलेला उपाय लहान होता. त्या मुलामुळे मी या नव्या शास्त्राचा पाठपुरावा करू लागलो.

१९९४ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथून ब्रिटबर्ग, पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी २३ रुग्णांच्या गुडघ्याच्या भार न पडणाऱ्या कडेची थोडीशी कूर्चा काढून घेतली, तिच्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या, आणि काही आठवड्यांनी त्या खड्ड्यात सोडून वरून हाडाच्या आवरणाचा पातळ पापुद्रा शिवून टाकला. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांना दोन वर्षांनंतर उत्तम वा चांगला गुण होता. वाटीच्या मागे खड्डा असलेल्या सातांपैकी मात्र दोघांनाच तसा गुण आला. शास्त्राची प्रामाणिकता अशा ठिकाणी दिसते. जाहिरातीत हे सात रुग्ण कधीच सापडणार नाहीत.

पेशी बाहेर वाढवायची ही कल्पना खानदेशातील शेतकऱ्याला नवी वाटू नये. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने प्रयोगशाळेत वाढविलेली ग्रँड नैन जातीची केळीची रोपे आज गावोगाव लागली आहेत. ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द रावेर-यावलच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. वनस्पतीची पेशी मोठी स्वावलंबी असते. १९५८ साली अमेरिकेत स्टुअर्ड या शास्त्रज्ञाने गाजराच्या सुट्या पेशींपासून गाजराची अख्खी झाडे उभी केली. प्राण्याच्या पेशीचे तसे नाही. कूर्चेची पेशी काचपात्राच्या सपाट तळावर वाढविली की ती पसरते, चपटी होते, आणि हळूहळू आपला धर्मच विसरते. कूर्चेचे कोलॅजन करण्याऐवजी व्रणाचे, कातडीचे कोलॅजन करू लागते. संख्या वाढते, पण गुण जातो. १९८२ मध्ये बेन्या आणि शेफर यांनी अशा विसरभोळ्या पेशी अ‍ॅगरोजच्या जेलीत ठेवून पाहिल्या. अ‍ॅगरोज हा समुद्री शेवाळापासूनच मिळतो. आपल्या भगिनी खिरीत वा पुडिंगात जो चायना ग्रास घालतात, त्याचाच तो शुद्ध केलेला अंश. त्या जेलीत चहूबाजूंनी आधार मिळताच पेशी पुन्हा गोल झाल्या आणि पुन्हा कूर्चेचे कोलॅजन विणू लागल्या. माझ्या मते या सबंध इतिहासातील हा सर्वांत सुंदर प्रयोग होय. पेशी तीच, केवळ तिच्या भोवतीचे घर बदलले.

आता आजच्या विषयाचा गाभा आला. पेशीला जर असे घर लागते, तर ते सांध्यातच का बांधू नये? या घराला मी ‘परांची’ म्हणतो. भिंत बांधताना गवंडी बांबूंची परांची उभारतो, तिच्यावर उभे राहून वीट रचतो, आणि भिंत पुरी झाली की परांची सोडतो. शरीरात ती सोडायला कोणी नाही; म्हणून ती आपली आपणच विरघळली पाहिजे. लवकर विरघळली तर भिंत ढासळेल; उशिरा विरघळली तर तीच आड येईल. तिला पेशी शिरण्याजोगी छिद्रे हवीत. तरी पावलागणिक येणारा भारही तिने सोसला पाहिजे. शरीराने तिला परकी मानून सूज आणता कामा नये. या अटी एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या आहेत. या कामाला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर त्यांतच आहे.

पेशी पेरलेल्या कोलॅजनच्या पटलाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता दिली. हे पटल डुकराच्या ऊतींपासून करतात. ज्यांच्या घरात अशा गोष्टींचा विचार होतो, त्यांना ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे, असे माझे मत आहे. मार्च २०२२ मध्ये त्याच प्रशासनाने प्रवाळाच्या सांगाड्यातील अ‍ॅरागोनाइट या खनिजापासून बनविलेल्या एका रोपणाला मान्यता दिली. ते मूळ इस्रायलमधील. प्रवाळ म्हटल्यावर काही वडीलधाऱ्यांना प्रवाळभस्म आठवेल. त्याचा आणि याचा काही संबंध नाही. पोटात घेतलेले भस्म गुडघ्यात जाऊन बसत नाही.

अशी परांची नुसता आधार देते. याहून पुढची पायरी म्हणजे पेशीला काम सांगणारी परांची. तिला ‘जैवसक्रिय’ म्हणतात. ही कल्पना प्रथम हाडाच्या क्षेत्रात आली. १९६९ मध्ये लॅरी हेंच यांनी अशी एक काच तयार केली की जिवंत हाड तिच्याशी घट्ट जडते. कूर्चेच्या बाबतीत ताजे आणि बोलके काम ऑगस्ट २०२४ मध्ये शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील सॅम्युएल स्टुप यांच्या गटाने प्रसिद्ध केले. त्यांनी दोन द्रव्ये एकत्र केली. एक, प्रथिनाचा असा लहान तुकडा की जो कूर्चेच्या वाढीस चालना देणाऱ्या टीजीएफ-बीटा-१ या द्रव्याला धरून ठेवतो. आणि दुसरे, सांध्याच्या द्रवात मुळातच असणारे हायलुरॉनिक आम्ल, थोडा फेर करून. दोन्ही मिळून दाट लेप होतो, आणि सांध्यात गेल्यावर तो रबरासारखा होतो. यात पेशी बाहेरून घातल्या नव्हत्या. परांचीनेच जागच्या जागी काम करवून घ्यायचे होते. प्रयोग मेंढ्यांवर झाला. साक्रीकडील ठेलारी बांधवांच्या मेंढ्या दिवसभर किती चालतात ते आपण पाहतो. मेंढीच्या गुडघ्यावर येणारा भार आणि त्याचा आकार माणसाच्या गुडघ्याशी बराच जुळतो. सहा महिन्यांत खड्ड्यात नवी कूर्चा आली, आणि तिच्यात मूळच्या जातीचे कोलॅजन व पाणी धरणारी द्रव्ये आढळली.

ही बातमी वाचून मलाही आनंद झाला. पण मेंढी ती मेंढी आणि सहा महिने ते सहा महिने. माणसाच्या गुडघ्याला पुढची तीस वर्षे काढायची असतात.

आपल्या देशात या दिशेने होणाऱ्या कामात रेशमाला मोठे स्थान आहे. येवल्याच्या पैठणीत जे रेशीम, तेच. मात्र कोशावरचा डिंकासारखा लेप सोडा घातलेल्या उकळत्या पाण्याने काढून टाकतात आणि उरलेल्या प्रथिनाची सच्छिद्र परांची करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी हाडातील पोकळ्या भरण्यासाठी अशा परांच्यांवर काम केले. दिल्लीच्या आयआयटीत सौरभ घोष यांनी आणि गुवाहाटीच्या आयआयटीत बिमन मंडल यांनी रेशमावरच कूर्चा वाढविण्याचे प्रयोग केले आहेत. रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून देण्याच्या पद्धतीला आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये परवानगी दिली. ते काम मुंबईच्या रीग्रो या कंपनीचे, आणि पेशी वाढतात लोणावळ्यास. म्हणजे स्वीडनला जाण्याचे कारण उरलेले नाही. खर्च मात्र अजून सामान्य शेतकरी कुटुंबाला पेलणारा नाही, हे खेदाने सांगावे लागते.

मग हे सारे कोणासाठी? आपल्या शेतीतला एक शब्द येथे नेमका लागू पडतो. कपाशी उगवून आल्यावर ओळीत कोठे कोठे रोप मेलेले असते, तेथे आपण नांग्या भरतो. नांग्या केव्हा भरतात? बाकीचे पीक उभे असते तेव्हा, आणि वेळेत. सारे शेतच वाहून गेले असेल तर नांग्या भरून उपयोग काय? परांचीचा उपचार म्हणजे नांग्या भरणे आहे. वय फार नसावे, साधारणपणे पन्नाशीच्या आत. खड्डा एखाददुसरा आणि त्याच्या भोवतालची कूर्चा शाबूत असावी. गुडघा वाकलेला नसावा आणि त्याचे बंध तुटलेले नसावेत. खेळताना वा अपघातात इजा झालेल्या तरुणांसाठी हे शास्त्र आहे. म्हणून घरातल्या मुलाचा गुडघा पडल्यानंतर सुजला, अडकू लागला, तर ‘मुका मार आहे, शेकून घे’ म्हणून सहा महिने घालवू नका. नांग्या भरायची वेळ तीच असते.

फुईच्या गुडघ्यात शेत उरलेच नव्हते. हाडावर हाड घासत होते. तिला नक्की काय टोचले याचा कागद त्या दवाखान्याने दिला नव्हता. आपल्या देशातील मूळ पेशींच्या संशोधनाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही विकारांतील रोपण सोडले, तर बाकीचे उपयोग मान्यताप्राप्त चाचण्यांतच व्हावयाचे होते. त्यानंतर २०२२ मध्ये बंगळूरच्या स्टेम्प्युटिक्स या कंपनीच्या एका उत्पादनाला गुडघ्याच्या झिजेसाठी परवानगी मिळाली, हेही सांगितले पाहिजे. पण तीही दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या झिजेसाठी, फुईसारख्या शेवटच्या पायरीसाठी नव्हे. तेव्हा असा उपचार कोणी सुचविला, तर उत्पादनाचे नाव, परवानगीचा क्रमांक आणि किती रुग्णांवर किती वर्षे पाहिले, हे लेखी मागावे. लेखी देण्याची ज्याची तयारी नसेल, तेथून उठून यावे. मग तो दवाखाना कितीही झगमगीत असो.

बाकीच्या आपल्यासारख्यांसाठी जे आहे, ते फार नवे नाही. २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले की वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम करावा. निंदणीला बसताना लहानसा पाट वा घडवंची घ्यावी. आणि सांधा पुरता गेला असेल तर तो बदलण्याला भिऊ नये. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, आणि नेहमी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत तेव्हा कराव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरविली. त्यापूर्वी त्याच वस्तूला किती पैसे मोजावे लागत, हे येथील अनेकांना माहीत आहे.

फुईचा एक गुडघा गेल्या वर्षी बदलला. दुसरा या दिवाळीनंतर. संक्रांतीच्या सुमारास मी तिच्याकडे भरिताला गेलो होतो. शेतात पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, आणि ती खुर्चीवर बसून सुनांना सूचना देत होती. मेंढ्यांचा प्रयोग मी तिला तेथे समजावून सांगितला. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे मेंढीला पील फुटली म्हण की. मग आपल्या पोराला केव्हा?” तिचा नातू महाविद्यालयाच्या संघात खो-खो खेळतो. मी तिला सांगितले की माणसांवरच्या चाचण्या व्हायच्या आहेत. त्याला वर्षे लागतील, आणि त्या पार पडतीलच असेही नाही.

 भोजनानंतर मी याच मंडपात, डाव्या बाजूच्या खांबाशी बसणार आहे. चिटणीसांनी कळविल्याप्रमाणे ज्यांनी आपली क्ष-किरण चित्रे बरोबर आणली असतील, त्यांनी ती दाखवावीत; उभे राहून काढलेले चित्र असेल तर तेच आधी द्यावे, आडवे झोपून काढलेल्या चित्रात झीज नीट दिसत नाही.